पँथर पडद्यावर आला, लिहिणारा कुठे होता?

'ब्लॅक पँथर' २०१८ साली आला तेव्हा आम्हीही तो टाळ्या वाजवत पाहिला. पँथर हा शब्द ऐकला की आमच्या वस्त्यांत आजही माना ताठ होतात. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर उभी केली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीपासून प्रेरणा घेऊन. हा चित्रपटही ओकलंडमध्येच सुरू होतो. योगायोग मोठा आहे, पण त्याने भारावून जाऊ नये असे आमचे मत आहे.

हे पात्र १९६६ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन गोऱ्या, ज्यू कलावंतांनी निर्माण केले. त्याला आजचे रूप मात्र दिले ते ख्रिस्तोफर प्रीस्ट या काळ्या लेखकाने. अमेरिकेच्या बड्या कॉमिक्स कंपन्यांतला पहिला काळा संपादक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १९९८ पासून २००३ पर्यंत त्याने ब्लॅक पँथरचे सुमारे साठ अंक लिहिले. राजाच्या रक्षक असलेल्या डोरा मिलाजे, ओकोये, नाकिया, अमेरिकन अधिकारी एव्हरेट रॉस ही सगळी त्याच्या मालिकेतली माणसे.

यातला रॉस नीट पाहण्यासारखा आहे. गोऱ्या वाचकाला काळ्या राजाची गोष्ट पचावी म्हणून प्रीस्टने ती एका गोऱ्याच्या तोंडून सांगितली. पण हा गोरा परराष्ट्र खात्यातला गोंधळलेला बाबू. पहिल्याच अंकात तो पँटशिवाय बसलेला दिसतो! सत्तेच्या प्रतिनिधीला हास्यास्पद करून प्रीस्टने कथेचा केंद्रबिंदू काळ्या राजाकडेच ठेवला. चित्रपटाने काय केले? त्याच रॉसला सीआयएचा शूर अधिकारी बनवले. जगभरच्या काळ्यांना शस्त्रे पोहोचवायला निघालेली विमाने पाडण्याचे पुण्यकर्म त्याच्या हातून घडवले. ती शस्त्रे पाठवणारा किलमाँगर खरा शोषितांच्या बाजूने बोलतो, पण त्याला प्रेयसीचाही खून करणारा दाखवले, म्हणजे प्रेक्षकाने त्याचे म्हणणे ऐकायचेच कारण उरत नाही. ज्या देशात १९६९ साली शिकागोच्या पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टन या तरुण पँथर नेत्याला पहाटे त्याच्याच घरात गोळ्या घातल्या आणि त्या घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता, त्या देशात पँथर नावाच्या सिनेमात गुप्तहेर खाते तारणहार ठरते. शेवटी उपाय काय, तर ओकलंडमध्ये एक समाजसेवा केंद्र. आम्ही स्वतः अशाच केंद्रांत काम करतो. तिथे मुलांच्या वह्या मिळतात, फीची सोय होते, ते गरजेचेही आहे. पण वस्तीतला कोणताही पोरगा सांगेल की सत्तेचा प्रश्न केंद्राने सुटत नाही.

आणि प्रीस्ट? पुढे अनेक वर्षे तो मोठ्या कंपन्यांच्या कॉमिक्सपासून जवळजवळ दूरच राहिला. कारण त्यानेच मुलाखतींत सांगितले आहे: संपादक त्याच्याकडे फक्त काळी पात्रे घेऊन येत. स्पायडर-मॅनची मालिका सांभाळलेल्या माणसाला 'काळ्यांचा लेखक' या खणात टाकून ठेवले होते.

आमच्याकडे हा खण ओळखीचा आहे. विद्रोही कविता लिहिली की परिसंवादाचे निमंत्रण येते, तेही 'दलित साहित्य' या सत्रापुरते. विज्ञानकथा, रहस्यकथा, प्रेमकथा आमच्या पोरांनी लिहाव्यात असे कोणा संपादकाला सुचत नाही. वेदना मांडा, बाकीचे आम्ही पाहतो, असा हा व्यवहार. एखाद्याने वेगळे लिहिलेच, तर 'तुमचा अनुभव यात कुठे दिसतो?' हा प्रश्न ठरलेला. कुलकर्णी-जोशींना तो कधी विचारला जातो का?

प्रीस्टने नकार देण्याची किंमत मोजली. २०१६ साली तो परतला तो 'डेथस्ट्रोक' घेऊन. त्याचा नायक एक गोरा भाडोत्री मारेकरी आहे.