‘रीजिग’ झाले, पण साचा कोणाचा बदलला?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘रीजिग’ हा शब्द होता. बऱ्याच दुकानदारांनी तो ‘दर कमी झाले’ असाच वाचला. त्याचा अर्थ तसा नाही, आणि या गैरसमजाची किंमत आपल्याच गल्ल्यातून जाते, म्हणून तो समजून घेतलेला बरा.

मूळ शब्द ‘जिग’. कारखान्यात एकाच मापाचे शेकडो भाग बनवताना तो भाग घट्ट धरून ठेवणारा आणि ड्रिलला वाट दाखवणारा जो साचा लावतात, तो जिग. माल बदलला की साचाही बदलावा लागतो. त्यावरून १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘रीजिग’ रूढ झाला. अर्थ, कारखान्यात नवी यंत्रे, नवे साचे बसवणे. पुढे तो कुठल्याही नव्या मांडणीला लागू झाला.

आपल्या धंद्यातही जिग आहेच. प्रोसेस हाउसमध्ये कापड एका रोलरवरून दुसऱ्यावर, रंगाच्या हौदातून ये-जा करते, ती मशीन म्हणजे जिगर. (आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना जिगर म्हणजे काळीज!)

‘रिशफल’ मात्र वेगळा. तो पत्त्यांच्या डावातला. पत्ते तेच ५२, फक्त पिसले जातात आणि कोणाच्या हाती काय ते बदलते. मराठीत दोन्हीला फेरबदल, उर्दूत रद्दोबदल, त्यामुळे हा फरक पुसला जातो. इंग्रजी पत्रेही तो पाळत नाहीत. मंत्र्यांची खाती बदलली की रीजिग, निफ्टीतल्या कंपन्या बदलल्या की रीजिग. शब्द आखूड, मथळ्यात बसतो.

आता २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले दर पाहा. पूर्वी कृत्रिम धाग्याच्या फायबरवर १८ टक्के, सुतावर १२ आणि कापडावर ५ असा उलटा हिशेब होता. कच्च्या मालावर जास्त कर भरायचा आणि क्रेडिट अडकून बसायचे. हे तिन्ही ५ टक्क्यांवर आणले. हा खरा रीजिग, साचाच बदलला. २०२१ मध्ये हीच गोष्ट ‘दुरुस्ती’ म्हणून सगळे कापड १२ टक्क्यांवर नेऊन करायची ठरली होती. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ३१ डिसेंबर २०२१ ला ती थांबवली गेली.

पण तयार कपड्यांत निव्वळ पत्ते पिसले आहेत. १,००० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के होते, ते तसेच. १,००० ते २,५०० मधला नग १२ वरून ५ वर आला आणि २,५०० च्या वरचा १२ वरून १८ वर गेला. १,८०० च्या कुर्त्यावर २१६ रुपये कर होता, तो ९० झाला. ४,००० च्या शेरवानीवर ४८० होता, तो ७२० झाला. लग्नसराईचा माल विकणाऱ्याला हे कोणी ‘सवलत’ म्हणून सांगत असेल तर त्याने स्वतःचे बिलबुक उघडावे.

गिऱ्हाईक मात्र मथळा वाचून आलेले असते. ‘जीएसटी उतरला ना, भाव कमी करा’ म्हणते. वरचे २४० रुपये त्याच्याकडून मिळत नाहीत, ते बहुधा दुकानदारच मार्जिनमधून सोडतो. मधल्या दराचा जुना माल १२ टक्के भरून घेतलेला असेल आणि ५ टक्क्यांनी विकावा लागत असेल, तर क्रेडिट शिल्लक राहते ते वेगळेच. आपल्या मालाचे २,५०० च्या आतले आणि वरचे असे दोन ढीग करून हिशेबनिसाला आजच विचारा, कोणत्या ढिगात किती पैसे अडकलेत.