गच्ची सगळ्यांची, सवलत मात्र बंगल्याची

‘सोलर हे बंगलेवाल्यांचं काम. गिरगाव-लालबागच्या माणसाने त्या फंदात पडू नये.’ सोसायटीच्या सभेत विषय निघाला की हे वाक्य कोणी ना कोणी टाकतोच आणि विषय तिथेच बारगळतो. असे बोलणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण सरकारी योजनेची आखणीच त्यांच्या बाजूने साक्ष देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि १ कोटी घरांचे लक्ष्य आहे. स्वतःचे छप्पर असलेल्याला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॅटचे झाले ७८,०००, म्हणजे सरासरी किलोवॅटमागे २६,०००. गृहनिर्माण सोसायटीला तिच्या सामाईक वापरासाठी मिळतात किलोवॅटमागे फक्त १८,०००.

पॅनेल तेच, ऊनही तेच. स्वतंत्र घराचा मालक मात्र जास्त लाडका आणि एका गच्चीखाली दाटीवाटीने राहणारी सोळा कुटुंबे कमी लाडकी. माझे भांडण या आखणीशी आहे. सौरऊर्जा दादर-परळच्या माणसाची नाही, हा निष्कर्ष मात्र मला साफ नामंजूर आहे.

पहिला आक्षेप जागेचा. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि मुंबईच्या उन्हात त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट वीज मिळते. दादरमधली सोळा बिऱ्हाडांची जुनी चार मजली इमारत घेऊ. टाकी, जिन्याची केबिन, कपडे वाळत घालायची जागा सोडून हजार चौरस फूट गच्ची मोकळी धरली, तर दहा किलोवॅट बसतात आणि महिन्याला बाराशे युनिट मिळतात. पंप, जिन्याचे दिवे आणि असलीच तर लिफ्ट यांचा बोजा त्यातून चांगलाच हलका होतो. किलोवॅटला पन्नास-साठ हजार खर्च धरला तर अनुदान वजा जाता चार लाखांच्या आसपास रक्कम सोसायटीने उभी करायची. युनिटला नऊ रुपये वाचले तरी ती तीन-साडेतीन वर्षांत फिटते. यात चमत्कार काही नाही, साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

टॉवरचा हिशेब वेगळा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चाळीस मजले, सव्वातीनशे घरे आणि वर कशीबशी तीस किलोवॅटची जागा, म्हणजे घरटी महिन्याला अकरा युनिटच्या आसपास. घराचे बिल त्यातून शून्यावर येईल असे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे. पण तीच वीज सामाईक मीटरवर धरली की वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक रुपये वाचतात. अशाच टॉवरमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतली पहिली ५५६ कुटुंबे ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचाही असाच पुनर्विकास होतो आहे. पुनर्विकासात जाणाऱ्या चाळकऱ्याला विचारा, त्याची झोप कशाने उडते? घर फुकट मिळेल हो, पण मेंटेनन्स कसा झेपायचा? लिफ्ट आणि पंप रोज चालणार, पेन्शनचा आकडा तोच राहणार. म्हणून मला सामाईक मीटर महत्त्वाचा वाटतो.

दुसरा आक्षेप मलाही अगदी खरा वाटायचा: पाणी पहाटे येतं, पंप पहाटे चालतो, तेव्हा सूर्य कुठे असतो? नेट मीटरिंग आहे ते त्यासाठीच. दुपारी गच्चीवर तयार झालेली आणि न वापरलेली वीज बेस्टच्या जाळ्यात जाते आणि तेवढी युनिटे बिलातून वजा होतात. उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात जमा धरली जातात, आर्थिक वर्ष संपेपर्यंत. त्यामुळे एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येते. राहिली गळतीची भीती. स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो. नाहीतरी आपण दर पावसाळ्याआधी गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची चर्चा करतोच. उंच सांगाड्यावरची पॅनेले खाली सावलीही धरतात. ज्या चाळीच्या दक्षिणेला टॉवर उभा राहिला आहे तिथे मात्र पॅनेल लावू नये. तिथे दिवसाचा निम्मा वेळ सावली असते आणि तो खर्च वाया जाईल.

‘शहराने वीज कशाला तयार करायची? ती बाहेरून येतेच आहे’, असेही म्हटले जाते. येते खरी. पण कुठून येते? टाटांनी मावळात धरणे बांधली, १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत आली आणि परळ-लालबागच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. पुढे मुळशीची पाळी आली. १९२१ ते १९२४ अशी तीन वर्षे सेनापती बापटांच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला. तरी धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिरा येथून वीज निघाली, ती मुंबईसाठी. ट्रॉम्बेला आजही कोळसा जळतो आणि त्याचा धूर माहुल-चेंबूरचे लोक घेतात. या शहराच्या दिव्यांची किंमत शंभर वर्षे दुसऱ्यांनी भरली आहे. गच्चीवर पडणारे ऊन वापरणे हे शहराचे देणे आहे, आणि ते टाळण्याचा हक्क आपल्याला नाही. गिरणगावाने ज्या सातारा जिल्ह्यातून माणसे घेतली त्याच जिल्ह्यातली पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. गावच्या घरावर पॅनेल आणि लालबागच्या इमारतीवर नाही, हे चित्र आता बदलायला हवे.

हरित इमारतीच्या नावाखाली मिळणाऱ्या सवलतींबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला ३ ते ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. हेतू चांगला असेल, पण ते क्षेत्रफळ बिल्डर विकून मोकळा होतो आणि पुढची पन्नास वर्षे विजेचे बिल राहणारा भरतो. सवलत बिल भरणाऱ्याच्या हाती पडायला हवी. शिवाय काचेची भिंत आणि उघडता न येणारी खिडकी असलेल्या घराला पॅनेल लावून हरित म्हणायचे, हे मला पटत नाही. गिरगावातल्या गॅलरीच्या चाळीत दारावर झरोका असतो, समोरासमोर खिडक्या असतात, गॅलरीचे छत भिंतीवर ऊन पडू देत नाही. मे महिन्याच्या दुपारी तिथे पंख्यावर भागते. बीडीडीच्या अंधाऱ्या मधल्या पॅसेजचे गोडवे मी गाणार नाही, तो काढायलाच हवा होता. पण आरपार वाऱ्याची सोय नव्या नकाशात ठेवायला जादा पैसा लागत नाही, आग्रह लागतो.

हा आग्रह पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी धरायचा. सोसायटीच्या पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. त्यांनुसार होणाऱ्या सभेत कॉर्पस फंड आणि पार्किंगवर तास-तास खल होतो, तिथेच तीन गोष्टी करारनाम्यात लिहून घ्या. पुनर्वसन इमारतीच्या गच्चीचा हक्क सोसायटीकडे राहील. तिथला सौर संच बिल्डर स्वखर्चाने, सामाईक मीटरला जोडून देईल. आणि प्रत्येक खोलीला वारा मिळेल. विक्रीच्या इमारतीवर पॅनेल आणि पुनर्वसनाच्या इमारतीवर मोबाइल टॉवर, अशी वाटणी कोणी पुढे केली तर तिथेच हात वर करून विरोध नोंदवा.

पागडीच्या इमारतींचे काय? गच्ची मालकाची, भाडे गोठलेले, त्यामुळे मालकाला खर्च करण्यात रस नाही आणि भाडेकरूला अधिकार नाही. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा करून छपरावरची वीज खालच्या भाडेकरूंना विकणाऱ्या घरमालकाला प्रोत्साहन रक्कम दिली. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये एका ठिकाणच्या सौर संचातली वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटण्याचे नियम घालून दिले. मुंबई शहरात महापालिकेच्या शाळा आहेत, मंडया आहेत, बेस्टचे डेपो आहेत. त्यांच्या छपरांवर संच उभारून त्यातला एक-दोन किलोवॅटचा हिस्सा काळबादेवीच्या पागडी भाडेकरूच्या नावावर का होऊ नये? त्याच्याकडे गच्ची नाही, पण बेस्टचे मीटर आहे, आणि वजावट दाखवायला ते पुरेसे आहे. सोसायटीला मिळणारे १८,००० बंगल्याच्या बरोबरीने वाढवा आणि या भाडेकरूलाही तोच दर लावा, ही मागणी पुढच्या महापालिका सभेत आपल्या नगरसेवकाने मांडावी म्हणून प्रत्येक चाळ कमिटीने त्याला लेखी पत्र दिले पाहिजे.