“बीपी आमच्या घराण्यातच आहे”: आरे कॉलनीतील कुटुंबांनी काय करावे?

आरे कॉलनीची बातमी म्हटली की 2019 ची वृक्षतोड आणि 2024 मध्ये इथून सुरू झालेली मेट्रो 3 आठवते. पण आणखी एक बातमी तुमच्या घराशी जास्त जवळची आहे. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने 2021 मध्ये केलेल्या सर्वेक्षणात 18 ते 69 वयोगटातील सुमारे 34 टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे दर तिघांत एकाला. यावर अनेकजण म्हणतात, “वडिलांना होते, मला होणारच.” हे कितपत खरे आहे?

अनुवंशिकतेचा वाटा किती?

माणसामाणसांच्या रक्तदाबात जो फरक दिसतो, त्यापैकी साधारण 30 ते 50 टक्के अनुवंशिकतेमुळे असतो. मात्र ‘बीपीचे जनुक’ असे एकच काही नसते. 2018 मधील दहा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात रक्तदाबाशी संबंधित 900 हून अधिक जनुकीय जागा आढळल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. त्यामुळे सहसा महागड्या जनुकीय तपासणीची गरज नसते. आई-वडील किंवा भावंडांना बीपी आहे का आणि कोणत्या वयात सुरू झाले, एवढे डॉक्टरांना सांगा.

त्याच वर्षी ब्रिटनमधील सुमारे 2 लाख 77 हजार लोकांच्या अभ्यासात, अनुवंशिक धोका जास्त असूनही चांगली जीवनशैली असलेल्यांचा रक्तदाब तुलनेने कमी दिसला.

घरात काय बदलाल?

कुटुंबात जनुकांसोबत स्वयंपाकघरही एकच असते. सुनेचे सासऱ्यांशी रक्ताचे नाते नसते, पण आमटीतले मीठ दोघांच्या पोटात सारखेच जाते. दिवसभरात प्रत्येकी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमच्याहून कमी मीठ पुरे. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी आणि पाव यांतले मीठही त्यातच मोजा. कमी सोडियमचे मीठ वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास त्यातील पोटॅशियम धोकादायक ठरू शकते.

आठवड्यातून पाच दिवस 30 मिनिटे भरभर चाला. आरेतली झाडांची सावली त्यासाठी उत्तम. मात्र इथे बिबट्याचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावरच आणि सोबतीने जा. तंबाखू, मिश्री आणि दारू बंद करा. वजन जास्त असेल तर साधारण एक किलो घटल्यावर वरचे बीपी सुमारे एक अंकाने उतरते.

तपासणी कधी?

घरात बीपी असेल तर तिशीची वाट पाहू नका. अठराव्या वर्षापासून वर्षातून एकदा मोजा. आधी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा जास्त आल्यास डॉक्टरांना भेटा.

गोळी सुरू झाली म्हणजे तुम्ही हरलात असे नाही. काहींना पथ्य पाळूनही औषध लागतेच, आणि बीपी नॉर्मल आले तरी ते स्वतःहून बंद करू नका. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, असे काही झाले तर त्वरित 108 वर फोन करा.