‘होते’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘हॅड’ नव्हे



आज एक चूक कबूल करते. चूक इंग्रजीची आहे, आणि ती माझीच आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईचीच चूक, म्हणजे ऐकायला गंमत वाटेल. पण तिच्यापायी शेजारच्या वहिनींना दंड भरायची पाळी आली होती, म्हणून सांगते.

आमच्या कडेगाव-विटा भागातली कितीतरी कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर विखुरलेली आहेत. कुणी तामिळनाडूत, कुणी केरळात, कुणी पार उत्तरेत. तिथं मराठी कोण वाचणार? शाळेचा अर्ज असो, बँकेचं पत्र असो, इंग्रजीतच लिहावं लागतं. वहिनींचं बिऱ्हाड असंच दक्षिणेत होतं. मुलीच्या शाळेची फी त्यांनी ५ जूनला भरली. मुदत १० जूनची. तरी शाळेनं पुढं विचारणा केली, तेव्हा गावी आलेल्या वहिनी माझ्याकडं धावल्या. “ताई, तुम्ही बीए झालाय, चार ओळी लिहून द्या की.”

मनात मराठी वाक्य अगदी सरळ होतं : मुदत संपली तेव्हा आम्ही फी भरली होती. इंग्रजीत मात्र मी लिहिलं, “द लास्ट डेट हॅड पास्ड व्हेन वी हॅड पेड द फीज.” दोन्हीकडं ‘हॅड’ घातलं, म्हटलं वाक्य जरा भारदस्त दिसेल.

आठ दिवसांनी वहिनी कागद घेऊन दारात. “ताई, ते म्हणत्यात, तुम्हीच लिहून दिलंय उशिरा भरली म्हणून. आता दंड मागत्यात.”

मी वाक्य पुन्हा वाचलं आणि चरकले. त्याचा अर्थ खरोखरच ‘आम्ही फी भरली तेव्हा मुदत संपून गेली होती’ असा लागत होता. म्हणजे उलटाच!

असं का होतं, ते पाहू या. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली. पाचवीत आम्ही पाठ केलं ते भाषांतराच्या रीतीनं. ‘आहे’ म्हणजे ‘इज’, ‘गेला होता’ म्हणजे ‘हॅड गॉन’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनीही तेच सांगितलं. त्यात खोटं काही नाही. पण ते अर्धंच खरं आहे.

आपल्या मराठीत ‘होते’ फार सढळपणे वापरलं जातं. कुणी विचारलं, “काल दिसला नाहीत?” तर आपण म्हणतो, “विट्याला गेले होते.” नुसतं “गेले” म्हटलं तर कानाला अपुरं लागतं. ‘गेले होते’ म्हणजे गेले, काम झालं, परतही आले. गोष्ट संपली, एवढंच ते ‘होते’ सांगतं.

इंग्रजीतल्या ‘हॅड’चं काम निराळं आहे. घडून गेलेल्या दोन गोष्टींपैकी अगोदर कोणती घडली, ते ‘हॅड’ सांगतं. तुलनेला दुसरी गोष्टच नसेल, तर त्याला तिथं काही काम नाही. म्हणून “आय हॅड गॉन टू विटा येस्टरडे” नको. “आय वेन्ट टू विटा येस्टरडे” हेच बरोबर. काल, परवा, गेल्या सोमवारी, २०१९ साली असा नुसता वेळ सांगून एकच गोष्ट सांगायची असेल, तर साधा भूतकाळ पुरतो : वेन्ट, केम, पेड, बॉट.

आमच्या गावचंच उदाहरण घ्या. कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत तुम्ही ऐकून असाल. गावातले हिंदू-मुसलमान मिळून तो सोहळा करतात, आणि ताबुतांच्या भेटी पाहायला लांबून माणसं येतात. आता ही दोन वाक्यं पाहा :

“व्हेन वी रीच्ड, द ताबूत्स मेट.” आम्ही पोचलो आणि भेट झाली. म्हणजे पाहायला मिळाली.

“व्हेन वी रीच्ड, द ताबूत्स हॅड मेट.” आम्ही पोचलो तेव्हा भेट होऊन गेली होती. म्हणजे पायपीट फुकट गेली!

एका ‘हॅड’नं सगळा सोहळा हुकतो. वहिनींच्या पत्रात माझ्या हातून हेच झालं. जे अगोदर घडलं, म्हणजे फी भरणं, त्यालाच ‘हॅड’ द्यायला हवं होतं. मी ते मुदतीलाही देऊन बसले.

आता थोडे नियम. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवतो तसे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला : वाक्यात गोष्टी किती ते मोजा. एकच असेल तर ‘हॅड’ काढून टाका. दोन असतील तर अगोदर घडलेलीला ‘हॅड’ द्या, नंतरचीला साधा भूतकाळ. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ हा शब्द वाक्यात असेल, तर क्रम आपोआपच कळतो. मग ‘हॅड’ नसलं तरी चालतं.

दुसरा : ‘हॅड’च्या पुढं क्रियापदाचं तिसरं रूप येतं. ‘हॅड वेन्ट’ नाही, ‘हॅड गॉन’. ‘हॅड रोट’ नाही, ‘हॅड रिटन’.

तिसरा : ‘नाही’ म्हणायचं तर ‘डिड नॉट’, आणि त्याच्यापुढं मूळ रूप. मुलगी काल शाळेत आली नाही, हे बाईंना कळवताना “शी हॅड नॉट केम” असं लिहू नका. “शी डिड नॉट कम टू स्कूल येस्टरडे” असं लिहा. भूतकाळ ‘डिड’नं सांगून झाला, तो दुसऱ्यांदा सांगायचा नाही. तसंच ‘डिड नॉट हॅड’ नाही, ‘डिड नॉट हॅव’.

चौथा : ‘हॅड’ एकटंही उभं राहतं, तेव्हा घाबरू नका. “शी हॅड फीवर” म्हणजे तिला ताप होता. “आय हॅड टू गो” म्हणजे मला जावं लागलं. दोन्ही अगदी शुद्ध आहेत. आणि ‘हॅड’ लागोपाठ दोनदाही येतं बरं का! “शी हॅड हॅड फीवर फॉर टू डेज बिफोर वी वेन्ट टू द डॉक्टर.” आम्ही डॉक्टरांकडं गेलो, त्याआधी दोन दिवस तिला ताप होता. पहिलं ‘हॅड’ क्रम सांगतं, दुसरं तापाचं.

तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाइलवर सगळं चालतं, एवढं कोण बघतंय? घरच्या निरोपात नसेल बघत. पण अर्ज, तक्रार, बँक, विमा, शाळा इथं आपला कागद आपल्या वतीनं बोलतो. आपण समोर नसतो. “अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं,” हे सांगायला तिथं कुणी उभं नसतं.

वहिनींसाठी मी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी भारदस्तपणा बाजूला ठेवला. “द लास्ट डेट वॉज १० जून. वी पेड द फीज ऑन ५ जून. अ कॉपी ऑफ द रिसीट इज अटॅच्ड.” एकही ‘हॅड’ नाही. सोबत पावतीची प्रत जोडली. दंड रद्द झाला. वहिनी पेढे घेऊन आल्या, तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं; पण धडा मिळाला तो कायमचा. जिथं तारीख लिहिता येते तिथं तारीखच लिहावी, आणि छोटी छोटी वाक्यं करावीत.

आता थोडा गृहपाठ. दुपारचा चहा होईपर्यंत करून पाहा. उत्तरं खालीच आहेत, पण आधी बघायची नाहीत हं!

१. काल आमच्याकडं पाहुणे आले होते.
२. मी स्टँडवर पोचले तेव्हा गाडी गेली होती.
३. मी परवा बिल भरलं नाही.
४. मला बँकेत जावं लागलं.

उत्तरं : १. गेस्ट्स केम टू अवर हाऊस येस्टरडे. २. व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट. ३. आय डिड नॉट पे द बिल द डे बिफोर येस्टरडे. ४. आय हॅड टू गो टू द बँक.

चारही बरोबर आली तर छानच. एखादं चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका. बाईंचंही चुकलं होतं, हे आता तुम्हांला ठाऊकच आहे!