जखम लहान, म्हणून जोखीम लहान?

१९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि आपल्या देशातील शल्यचिकित्सेत एका नव्या पर्वाचा आरंभ झाला. त्या काळी नवलाची वाटणारी ही पद्धत आज जिल्ह्याच्या गावीही परिचयाची झाली आहे. रुग्ण लवकर घरी जातो, वेदना कमी होतात, कामावर लवकर रुजू होता येते. ज्यांची रजा मोजकी आणि ज्यांच्या पगारावर घर चालते, अशांना या पद्धतीचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होय. परंतु या यशातूनच एक भ्रामक समजूतही रूढ झाली आहे. जखम जितकी लहान तितका शस्त्रक्रियेतील धोकाही लहान, असे आपण गृहीत धरू लागलो आहोत. हे गृहीत किती फसवे ठरू शकते, हे थायमस ग्रंथीच्या गाठीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते आणि पुढे आक्रसत जाते. म्हणूनच मराठी परिभाषेत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे अन्वर्थक नाव मिळाले आहे. रोगप्रतिकाराच्या व्यवस्थेत तिचे स्थान किती मोलाचे आहे, हे १९६१ मध्ये जॅक मिलर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी जगाला दाखवून दिले. या ग्रंथीत क्वचित गाठ होते. तिच्यातील नेहमी आढळणाऱ्या प्रकारास थायमोमा म्हणतात. ती बहुधा सावकाश वाढते आणि पुष्कळदा अन्य कारणासाठी काढलेल्या छायाचित्रात अवचित दिसते.

या गाठीचे सारे भवितव्य तिच्याभोवतीच्या पातळ कोषावर अवलंबून असते. १९८१ साली जपानमधील अकिरा मासाओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या अवस्था ठरविल्या, त्या गाठ या कोषाबाहेर कितपत पसरली आहे याच कसोटीवर. कोष अभंग ठेवून गाठ समूळ निघाली, तर रुग्ण बहुधा दीर्घकाळ निर्धास्त राहतो. मात्र चिमट्याच्या ओढाताणीत तो फाटला, किंवा अरुंद छिद्रातून गाठ ओढून काढताना तिचा चुरा झाला, तर तिच्या पेशी फुप्फुसाच्या आवरणावर सांडण्याचा आणि तेथे रुजण्याचा संभव असतो. पित्ताशयातील खडा सांडला तर तो बहुधा वेचून घेता येतो. सांडलेल्या पेशी वेचता येत नाहीत. शिवाय हे अरिष्ट लगेच उघडकीस येत नाही. रोग काही वर्षांनी डोके वर काढतो. म्हणूनच थायमोमाच्या रुग्णावर किमान दहा वर्षे लक्ष ठेवावे, असे तज्ज्ञ सांगतात.

जागेची अडचणही थोडी नाही. गाठीला लागूनच डोके व डावा हात यांचे रक्त वाहून आणणारी मोठी शीर असते. तिला इजा झाली, तर बंद छातीत रक्तस्राव आवरणे कठीण होऊन बसते. दोन्ही बाजूंना श्वासपटलास चालना देणारे फ्रेनिक मज्जातंतू असतात. त्यांतील एक दुखावला, तर श्वासपटलाची ती बाजू दुबळी पडते. थायमोमाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया हा स्नायू दुबळे करणारा विकार असतो. अशा रुग्णास ही इजा प्राणसंकटात लोटू शकते. त्यातच, उघड्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाची बोटे गाठ कोठे चिकटली आहे हे चाचपून सांगतात. दुर्बीण दृश्य मोठे करून दाखविते. परंतु हा स्पर्श देऊ शकत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, दुर्बिणीच्या व यंत्रमानवाच्या शस्त्रक्रियांचे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष समाधानकारक आहेत. ते खरेही आहे, आणि लहान, कोषबद्ध गाठींसाठी अनुभवी हातांत ही पद्धत योग्यच आहे. तथापि हे निष्कर्ष बहुतांशी निवडक रुग्णांचे आहेत. सोप्या गाठी दुर्बिणीकडे आणि बिकट गाठी उघड्या शस्त्रक्रियेकडे अशी वाटणी झाल्यावर दोहोंची तुलना कितपत न्याय्य मानावी? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथेही लहान छिद्रांची पद्धत तितकीच सुरक्षित मानली जात होती. २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर लहान छिद्रांच्या पद्धतीत ८६ टक्केच आढळले. एका अवयवाचा निष्कर्ष दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य; पण पुराव्याआधी विश्वास ठेवण्याची किंमत कोण मोजतो, हे त्यातून दिसून आले.

थायमसच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये यासंबंधी काही दंडक घालून दिले. गाठ पिशवीत घालूनच बाहेर काढावी, ती चिरडणार नाही एवढे छिद्र मोठे असावे आणि कोष फाटण्याची भीती दिसताच छाती उघडावी. असे छाती उघडणे हे अपयश मानू नये, हा यातील सर्वांत महत्त्वाचा विचार आहे. वेळीच मार्ग बदलणारा शल्यविशारद हरलेला नसतो. तो रुग्णाशी इमान राखत असतो. रुग्णालयांच्या जाहिरातींत मात्र टाक्यांची संख्या झळकते, या विवेकाचा उल्लेख कोठेही नसतो.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने आणि त्याच्या आप्तांनी काही प्रश्न निःसंकोचपणे विचारले पाहिजेत. गाठ किती मोठी आहे, ती शेजारच्या अवयवांना चिकटली आहे काय? मायस्थेनियाची तपासणी झाली काय? या विशिष्ट गाठीच्या किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत? छाती उघडण्याचा प्रसंग आलाच, तर तशी तयारी आहे काय? आणि पुढील दहा वर्षे तपासणी कोण करणार? डॉक्टरांसमोर प्रश्न विचारणे हा अविनय आहे, अशी आपल्याकडील अनेकांची भावना असते. ती आता सोडली पाहिजे. जाणत्या डॉक्टरास अशा प्रश्नांचा राग येत नाही.

छातीवरचा व्रण काही वर्षांत फिकट होतो. आत राहून गेलेला रोग मात्र वाढत राहतो. शस्त्रक्रियेची परीक्षा करावयाची, तर ती या दुसऱ्या गोष्टीवरूनच केली पाहिजे.