अमेरिकन मनाचे उष्णतामान

जून २०२४ मध्ये ‘गॅलप’ या लोकमत-चाचणी घेणाऱ्या संस्थेने अमेरिकन नागरिकांना आपला एक जुनाच प्रश्न विचारला. परदेशांतून येणाऱ्या स्थलांतरितांची संख्या वाढवावी, आहे तेवढीच ठेवावी, की कमी करावी? कमी करावी असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण ५५ टक्के भरले. २००१ नंतर एवढा मोठा आकडा आला नव्हता. एका वर्षाने, २०२५ च्या जूनमध्ये, तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला, तेव्हा तसे म्हणणारे ३० टक्केच उरले होते. स्थलांतर ही देशाच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे असे मानणारे याच वर्षात ६४ वरून ७९ टक्क्यांवर गेले. एवढे प्रमाण या संस्थेला त्यापूर्वी कधीच आढळले नव्हते.

असे आकडे प्रसिद्ध झाले की आपल्याकडील भाष्यकारांची दोन ठरावीक मते ऐकू येतात. अमेरिकन मनुष्य लहरी आहे, आज एक बोलेल आणि उद्या दुसरे, हे एक मत. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि धनिक मंडळी त्याला हवे तसे नाचवितात, हे दुसरे. दोन्ही मतांत सत्याचा अंश नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोट्यवधी प्रौढ, कामाधंद्याची माणसे बारा महिन्यांत केवळ लहरीने फिरतात ही कल्पना आम्हांला पटत नाही. त्या बारा महिन्यांत माणसांचे मन किती बदलले यापेक्षा त्यांच्या डोळ्यांसमोरची परिस्थिती किती बदलली, हे आधी पाहिले पाहिजे.

ती फारच बदलली होती. डिसेंबर २०२३ या एका महिन्यात मेक्सिकोच्या सरहद्दीवर सुमारे अडीच लाख लोक पहारेकऱ्यांच्या हाती लागले. तत्पूर्वीच, २०२२ पासून, टेक्सासचे गव्हर्नर ॲबट यांनी आलेल्या निर्वासितांना बसगाड्यांत बसवून न्यूयॉर्क आणि शिकागोकडे रवाना करण्याचा सपाटा लावला होता. सरहद्दीपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या उदारमतवादी नागरिकाला हा प्रश्न प्रथमच स्वतःच्या गल्लीत दिसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले; वर्षभरात सरहद्दीवरील महिन्याचा आकडा दहा हजारांच्याही खाली गेला. पण त्याचबरोबर धाडी सुरू झाल्या. शेतांवर, गुदामांत, न्यायालयांच्या दारांत तोंडे झाकलेले अधिकारी माणसे पकडू लागले. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नॅशनल गार्डचे सैनिक उभे राहिले. आदल्या वर्षी जी गर्दी डोळ्यांत खुपत होती ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी पकडून नेलेला शेजारी दिसू लागला. मत पालटले यात नवल ते काय?

टेक्सास विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर व्लेझियन यांनी १९९५ साली या वृत्तीला एक समर्पक उपमा दिली. अमेरिकन जनता ही थर्मोस्टॅटसारखी आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. आपल्या घरच्या गिझरमधील थर्मोस्टॅट पाणी पुरेसे तापले की वीज तोडतो, निवले की जोडतो. त्याला उष्णतेचे प्रेमही नसते आणि द्वेषही नसतो. तद्वत सरकार एका दिशेला मर्यादेबाहेर गेले की जनतेचा कौल विरुद्ध दिशेला झुकतो. नागरिकाला धोरणाची कलमे ठाऊक नसतात. पण ‘हे जरा अतीच झाले’ एवढे त्याला कळते. ‘जास्त’ की ‘कमी’ या प्रश्नाचे उत्तर देताना तो आपले अंतिम तत्त्व सांगत नाही. आज आहे त्यापेक्षा काय हवे, एवढेच सांगतो. म्हणून एकाच माणसाने तत्त्व न बदलता दोन वर्षी दोन उत्तरे देणे यात विसंगती नाही.

हा प्रकार केवळ स्थलांतराच्या बाबतीतच घडतो असेही नाही. ओबामा यांचा आरोग्यविमा कायदा ते अधिकारावर असेपर्यंत बहुमताला कधीच भावला नाही; नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याला ४२ टक्क्यांचाच पाठिंबा होता. पुढे ट्रम्प यांच्या पक्षाने तो रद्द करण्यासाठी कंबर कसली, आणि एप्रिल २०१७ मध्ये तोच आकडा ५५ वर गेला. कायद्यात एका अक्षराचाही फरक पडला नव्हता. गमावण्याची वेळ आली तेव्हा लोकांना त्याची किंमत कळली. स्थलांतराचाच दाखला घ्यावयाचा तर ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीचा घेता येईल. २०१८ मध्ये सरहद्दीवर मुलांना आईबापांपासून तोडण्यात आले. त्यावर एवढा गहजब उडाला की २० जून रोजी ट्रम्प यांना स्वतःच्याच सहीने ती प्रथा थांबवावी लागली. पुढे २०२० मध्ये, गॅलपने हा प्रश्न १९६५ साली सुरू केल्यापासून प्रथमच, संख्या वाढवा म्हणणारे (३४ टक्के) कमी करा म्हणणाऱ्यांपेक्षा (२८ टक्के) अधिक निघाले. ते पाहून डेमोक्रॅटिक पक्षातील पुष्कळांनी अशी समजूत करून घेतली की अमेरिकेचे मन कायमचे उदार झाले. चारच वर्षांत ती समजूत त्यांना महाग पडली. ट्रम्प यांच्या सल्लागारांनी २०२४ चा ५५ टक्क्यांचा आकडा हाच आपल्याला मिळालेला कायमचा कौल आहे असे धरून चालणे हीही त्याच जातीची चूक होय.

परंतु थर्मोस्टॅटच्या उपमेने सर्व उलगडा होतो असे मात्र नव्हे. २०२५ चा आकडा फोडून पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. रिपब्लिकन पक्षाच्या अनुयायांतही ‘कमी करा’ म्हणणारे ८८ वरून ४८ टक्क्यांवर उतरले. हे लोक काही धाडींनी व्यथित झाले नव्हते. आपला माणूस आला, त्याने सरहद्द बंद केली, आता आणखी कमी ते काय करावयाचे, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ असावा. म्हणजे एकाच आकड्याच्या पोटात एकाचे समाधान आणि दुसऱ्याचा संताप असे दोन्ही दडलेले असतात. दोघेही एकाच दिशेने सरकले म्हणून त्यांचे एकमत झाले असे समजणारा माणूस फसेल.

पक्षनिष्ठेचा हा पीळ अलीकडच्या काळात फार घट्ट झाला आहे. सीरियाने रासायनिक अस्त्रे वापरली म्हणून तिच्यावर क्षेपणास्त्रे सोडावीत काय, असा प्रश्न २०१३ मध्ये ओबामा अध्यक्ष असताना ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि ‘एबीसी’ यांच्या चाचणीत विचारला गेला. २२ टक्के रिपब्लिकनांनी होकार दिला. एप्रिल २०१७ मध्ये ट्रम्प यांनी तसाच हल्ला प्रत्यक्ष केला, तेव्हा त्यांच्यातील ८६ टक्के त्याला अनुकूल होते. डेमोक्रॅटांचा आकडा दोन्ही वेळा ३८-३७ च्या आसपासच राहिला, हे त्यांना भूषणावह खरे. पण आर्थिक स्थितीविषयी विचारा. व्हाइट हाउसमधील माणूस बदलताच दोन्ही पक्षांच्या अनुयायांना बाजारातील मंदी-तेजी उलटी दिसू लागते. सामान्य नागरिक परराष्ट्रनीतीचा अभ्यास करीत नाही. आपल्या विश्वासातले पुढारी काय म्हणतात ते तो ऐकतो. जॉन झॅलर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात हेच साधार मांडले आहे.

पुढाऱ्यांच्या शब्दालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा शवपेट्या घालून देतात. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठविणे ही चूक झाली असे ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्केच अमेरिकन म्हणत होते. ऑगस्ट १९६८ मध्ये ५३ टक्के म्हणू लागले. याचे श्रेय दूरचित्रवाणीवरील वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या त्या वर्षीच्या सुप्रसिद्ध निवेदनाला देण्याची प्रथा आहे. आम्हांला ते श्रेय अवास्तव वाटते. जॉन म्यूलर यांनी पुढे दाखवून दिले की, दूरचित्रवाणी घरोघर नव्हती त्या कोरियन युद्धाच्या वेळीही मृतांची संख्या जशी वाढली तसाच युद्धाला असलेला पाठिंबा घटला. २००३ मध्ये इराकवरील स्वारीला ७२ टक्क्यांचा पाठिंबा होता. दोन-तीन वर्षांत तोही असाच विरून गेला.

संथ गतीने होणारे बदल निराळेच. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला १९५८ मध्ये ४ टक्के लोकांची संमती होती, २०२१ मध्ये ९४ टक्क्यांची. यात पिढ्या बदलल्या, शेजार बदलले. असे मत एकदा बनले की अध्यक्ष बदलल्याने सहसा उलटत नाही.

मग लोकमत पालटले की राज्यकारभार पालटतो काय? डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक येथील शाळेत २० बालके आणि ६ कर्मचारी गोळ्यांना बळी पडले. बंदूक विकत घेणाऱ्याची पूर्वचौकशी व्हावी याला सुमारे ९० टक्के जनता अनुकूल होती. एप्रिल २०१३ मध्ये त्याविषयीची दुरुस्ती सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी पुढे आली आणि ६० मते हवी होती म्हणून तेथेच संपली. नव्वद टक्क्यांना ती सुधारणा आवडत होती. उरलेल्या दहांतील बहुतेकांना मतपेटीशी उभे राहिल्यावर दुसरे काही आठवत नव्हते. चाचणीत प्रत्येक मस्तक एक मोजले जाते. राजकारणात तसे मोजत नाहीत. शिवाय चाचणीतील मस्तकातही एकच मत असते असे नाही. २०२४ मध्ये सर्व बेकायदा स्थलांतरितांना हाकलून द्या म्हणणारे ४७ टक्के होते आणि त्यांना नागरिकत्वाचा मार्ग खुला करा म्हणणारे ७० टक्के. बेरीज शंभरावर जाते, तेव्हा निदान १७ टक्के गृहस्थांनी दोन्हींना मान डोलावली, हे उघड आहे!

हा सारा विषय आमच्या वाचकांना परका नाही. मुलगा, सून किंवा पुतण्या न्यू जर्सीत अथवा कॅलिफोर्नियात आहे अशी घरे पुण्या-मुंबईत थोडी नाहीत, आणि अशा बातम्या त्या घरांत चिंतेने वाचल्या जातात. त्यांनी एक जुनी गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४६ पासून हिंदी लोकांना अमेरिकेत वर्षाला शंभर जणांचाच वाटा होता. तो अडसर मुख्यतः १९६५ च्या कायद्याने निघाला आणि आपले डॉक्टर-इंजिनियर तिकडे जाऊ लागले. त्या वर्षी स्थलांतर वाढवा म्हणणारे अमेरिकन अवघे ७ टक्के होते. अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही करताना हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे अशी ग्वाही देऊन टाकली. लोकांनी न मागितलेला दरवाजा अशा रीतीने आपल्याकरिता उघडला गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच्या उलट घडले. स्थलांतरितांविषयीचे मत दशकांतून प्रथमच इतके अनुकूल झालेले असताना ट्रम्प यांनी एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसविली. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. गॅलपच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मेक्सिकोची सरहद्द असते. एडिसनमधील आपला संगणक-इंजिनियर त्यांच्या हिशेबात क्वचितच येतो. त्याचा निकाल डिसेंबर २०२४ मध्येच ट्रम्प यांच्या गोटात, इलॉन मस्क यांच्यासारखे कारखानदार आणि स्टीव्ह बॅनन यांच्यासारखे कडवे राष्ट्रवादी यांच्या जाहीर भांडणात लागू पाहत होता. त्या भांडणात लोकमत-चाचणीचा आकडा दोघांपैकी कोणीच पुढे केला नाही.