हरलेला सत्ताधीश खुर्ची सोडील काय?

निवडणुकीत हरलेला राष्ट्राध्यक्ष आपली सत्ता मुकाट्याने सोडील काय, हा प्रश्न अमेरिकेसारख्या जुन्या प्रजासत्ताकाविषयी विचारावा लागेल, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोकांनी त्यास हसण्यावारी नेले असते. परंतु २०२० सालच्या नोव्हेंबरात तेथील अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प पराभूत झाले. तो पराभव त्यांनी मान्य केला नाही. आणि ६ जानेवारी २०२१ रोजी मतांवर अखेरचे शिक्कामोर्तब चालू असता त्यांच्या अनुयायांचा जमाव दारे-खिडक्या फोडून संसदेच्या इमारतीत शिरला, हे साऱ्या जगाने पाहिले. तेव्हापासून हा प्रश्न नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईतही चर्चिला जातो. आमच्या मते मात्र तो प्रश्नच चुकीचा मांडला जातो. तो सोडील काय, हा त्या माणसाच्या स्वभावाचा प्रश्न झाला. आणि माणसाच्या स्वभावावर राज्याची इमारत उभारणे म्हणजे वाळूवर भिंत घालणे होय. खरा प्रश्न असा की, त्याने सोडली नाही तर त्यास ती धरून ठेवता येईल काय?

अमेरिकेत ती धरून ठेवता आली नाही, याचे कारण अध्यक्षास झालेली उपरती नव्हे. जॉर्जिया संस्थानचा निवडणूक प्रमुख अध्यक्षांच्याच पक्षाचा होता. त्यास अध्यक्षांनी अकरा हजारांवर मते ‘शोधून’ काढण्यास सांगितले, व त्याने ती काढली नाहीत. उपाध्यक्ष पेन्स यांस मते नाकारण्याविषयी गळ घातली गेली. त्यांनी आपणांस तो अधिकार नाही असे सांगितले. न्यायालयांत दावे पडले. ते फेटाळणाऱ्यांत अध्यक्षांनी स्वतः नेमलेले न्यायाधीशही होते. म्हणून २० जानेवारी २०२१ रोजी नवे अध्यक्ष बायडन यांनी शपथ घेतली. पुढे २०२४ साली ट्रम्प पुन्हा निवडून आले, तेव्हा त्यांच्याशी लढून हरलेल्या उपाध्यक्षा कमला हॅरिस यांनी ६ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच पराभवाची मोजणी स्वतः अध्यक्षस्थानी बसून जाहीर केली. तात्पर्य, राज्य तरले ते कायद्याचे काम चोख करणाऱ्या माणसांमुळे. त्यांतील कित्येकांची नावेही लोकांस त्यापूर्वी ठाऊक नव्हती.

परंतु हा धडा शिकण्यास आम्हां मराठवाड्यातील लोकांस समुद्रापार जाण्याची गरज नाही. जाण्याची वेळ आली असता सत्ताधीश जात नाही म्हणजे काय होते, हे आमच्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांच्या पश्चात आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले. नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘जैसे थे’ करार झाला, पण प्रजेच्या मताने राज्य चालविण्याचे नाव निघेना. लातुरास वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला, आणि दरबाराचा हट्ट सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. स्वामी रामानंद तीर्थ व स्टेट काँग्रेसचे शेकडो कार्यकर्ते तुरुंगात पडले. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा ‘इमरोज’ पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान यास ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारण्यात आले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा सरहद्द ओलांडून आत आल्या व १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली.

कोणी म्हणेल, निजाम हा निवडून आलेला अध्यक्ष नव्हता. त्याची तुलना येथे कशास? तुलना अशासाठी की, राजा असो वा अध्यक्ष, ज्याच्या जाण्याचा रस्ता आधी आखलेला नसतो तो गेल्यावरही रक्त थांबत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या दिवसांची चौकशी केली. फौजी कारवाईच्या काळात व नंतर निदान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. आणि सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, बिदर व नांदेड यांची गणना तिने केली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, व त्यांतील असंख्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. हा अहवाल अनेक दशके दप्तरात पडून राहिला. मुक्तिदिन आम्ही अभिमानाने साजरा करतो, आणि तो करावाच. परंतु सत्ता वेळेवर न सोडण्याचा दंड सत्ताधीश भरीत नाही, तो गावोगावचा निरपराध मनुष्य भरतो, ही गोष्टही त्याच दिवशी आठवावी. निजाम स्वतः १९५० ते १९५६ हैदराबादचे राजप्रमुख म्हणून सुखाने राहिले.

आता याच भूमीतील दुसरे चित्र पाहा. १९७७ साली आणीबाणीनंतर निवडणूक झाली. देशाचे सैन्य, पोलीस, तुरुंग व वृत्तपत्रे ज्यांच्या मुठीत होती त्या पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या, आणि मार्च संपण्यापूर्वी मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री नांदेडचेच शंकरराव चव्हाण होते. तरीही नांदेडने शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे यांस व लातूरने त्याच पक्षाचे उद्धवराव पाटील यांस लोकसभेवर पाठविले. मे महिन्यात शंकररावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९९५ साली लातूर विधानसभेत विलासराव देशमुख यांचा शिवाजीराव पाटील कव्हेकर यांनी पराभव केला. १९९९ च्या एप्रिलात वाजपेयींचे सरकार लोकसभेत एका मताने पडले, व त्याच दिवशी पंतप्रधान राजीनामा घेऊन राष्ट्रपतींकडे गेले. यांपैकी एकाही प्रसंगी गोळी सुटली नाही, की दुकानाची फळी लागली नाही.

हे सर्व पुढारी संत होते काय? मुळीच नाही. ते गेले, कारण परत येण्याची वाट मोकळी होती. इंदिराबाई १९८० साली परत आल्या. शंकरराव १९८६ साली पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलासराव १९९९ साली लातुरातून निवडून येऊन थेट मुख्यमंत्रिपदावर बसले. आमच्या व्यापारी वाचकांस हे समजावून सांगणे नको. मोंढ्यात तुरीच्या ढिगावर बोली लागते. एकास माल मिळतो, दहांस मिळत नाही. ते दहाजण काठ्या काढीत नाहीत. का? काटा खरा आहे असा त्यांस भरवसा असतो, बोली सर्वांसमक्ष पुकारलेली असते, आणि उद्या सकाळी पुन्हा लिलाव होणार हे त्यांस ठाऊक असते. या तिहींपैकी एक गोष्ट काढून घ्या, म्हणजे सभ्यांतला सभ्य आडत्याही भांडावयास उठेल. राज्याचे सूत्र याहून निराळे नाही. मोजणी खरी असावी, ती उघड असावी, आणि पुढली निवडणूक ठरल्या वेळी व्हावी.

यांतील तिसऱ्या गोष्टीविषयी आम्हांस विशेष चिंता वाटते. पराभव नाकारणाऱ्याचा आरडाओरडा जगास ऐकू जातो. परंतु पराभवाचा प्रसंगच पुढे ढकलण्याची युक्ती गुपचूप चालते. नांदेड-वाघाळा व लातूर या दोन्ही महानगरपालिकांची निवडणूक २०१७ साली झाली होती. पाच वर्षांची मुदत २०२२ साली संपली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी करावी, असे राज्यघटनेत स्पष्ट लिहिले असता आरक्षणाचे व प्रभागांचे वाद न्यायालयात अडकले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाने पाहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला, तेव्हा कोठे जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. या काळात कर आम्ही भरला, नळपट्टी आम्ही भरली. मात्र जाब विचारावयास नगरसेवक नव्हता. आणि खेदाची गोष्ट ही की, त्याबद्दल आम्ही फारशी ओरडही केली नाही. जी प्रजा निवडणूक तीन वर्षे लांबली तरी स्वस्थ बसते, तिने परदेशच्या अध्यक्षाच्या हट्टाला नावे ठेवणे शोभत नाही.

याहून खाली उतरून आपल्याच घरात पाहावे. आमच्या शिक्षणसंस्था, पतपेढ्या, देवस्थाने व ज्ञातिमंडळे यांतून हरलेला अध्यक्ष काय करतो? तो दप्तर घरी नेतो, शिक्का दडवितो, विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात पडला की त्यावर हरकत घेतो, आणि वर्षानुवर्षे दोन कार्यकारिणी एकाच संस्थेच्या नावाने पत्रे लिहितात. मास्तरांचा पगार अडतो, ठेवीदार हेलपाटे घालतो. ज्या मुलाने वडिलांस संस्थेची किल्ली खिशात घालून घरी येताना पाहिले, तो मुलगा उद्या मंत्री झाला तर किल्ली सुखासुखी देईल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून आमचे सांगणे असे आहे. प्रत्येक संस्थेने सभा, मुदत व दप्तर सोपविण्याची तारीख नियमांत लिहून ठेवावी, व ती तारीख चुकविणाऱ्यास, तो कितीही मोठा असो, सभासदांनी भर सभेत जाब विचारावा. मतदान केंद्रावरील प्रतिनिधींनी नोंदल्या मतांचा कागद मागून घ्यावा. तो त्यांचा हक्क आहे. निकालाविषयी संशय असेल त्याने पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात अर्ज करावा; रस्त्यावर दगड हाती घेऊ नये. नगरपालिकेची मुदत संपण्यास सहा महिने उरले की व्यापारी संघांनी, वकील मंडळींनी व वृत्तपत्रांनी पुढील निवडणुकीची तारीख विचारावयास लागावे. आणि जिंकलेल्याने हरलेल्याच्या घरावरून मिरवणूक नेऊन गुलाल उधळू नये. कारण ज्यास पराभवानंतर अब्रू उरत नाही, तो पराभव कबूल करीत नाही.

हरलेला सत्ताधीश जाईल काय, याचे उत्तर त्याच्या वाड्यात शोधू नये. ते मोजणीच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाच्या लेखणीत, न्यायाधीशाच्या निकालात, आणि मुख्यत्वे आपल्या रोजच्या वागणुकीत आहे. १९४८ साली हा हिशेब आम्ही रक्ताने चुकता केला. यापुढे तो मतपत्रिकेने व दप्तराने चुकता होत राहावा, यासाठी जागे राहणे हे प्रत्येक नागरिकाचे काम आहे, आणि त्याचा आरंभ उद्याच्या कार्यकारिणीच्या सभेपासून करता येईल.